सीमाभागाच्या रंगमंचाला आपले लेखक हवेत

प्रति,
मा. संपादक,
बेळगाव.

विषय : नाट्यलेखन कार्यशाळा आणि सीमाभागातील नव्या संहिता

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शहरातील एका नाट्यसंस्थेने यंदाच्या पावसाळ्यात नाट्यगृहातच नाट्यलेखनाची कार्यशाळा घेतली आणि तीत मी सहभागी झाले होते. कार्यशाळा संपली, प्रमाणपत्रे वाटून झाली आणि सहभागी झालेले सगळे आपापल्या कामाला लागले. असे उपक्रम एकदा होतात आणि मागे छायाचित्रे तेवढी उरतात, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. या वेळी तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणूनच बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील नाट्यसंस्था, गावोगावची नाट्यमंडळे आणि शाळा-महाविद्यालये यांच्यापुढे काही गोष्टी आपल्या दैनिकामार्फत मांडत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण विषयाला तेवढी जागा लागते.

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनासाठी दर वर्षी एकांकिका बसवण्याचे काम माझ्याकडे असते, आणि तालमींपेक्षा संहिता मिळवणेच त्यात अधिक अवघड जाते. कोणीतरी पुण्याहून किंवा कोल्हापूरहून झेरॉक्स आणून देते. त्या संहितेतील मुले लोकलने प्रवास करतात, सोसायटीच्या गच्चीवर भेटतात, क्लासमधल्या गुणांवरून आईशी भांडतात. आमचे विद्यार्थी ते संवाद चोख पाठ करतात आणि चोख म्हणतात. पण रात्री भातशेतीत हत्ती शिरले म्हणून जिच्या घरात कोणी डोळा मिटलेला नाही आणि तरीही जी सकाळी गोठ्यातले काम उरकून जंगलाच्या कडेची वाट तुडवत शाळेत आलेली आहे, त्या मुलीच्या तोंडी ते शब्द उपरेच राहतात. तिच्या त्या एका रात्रीत एक आख्खी एकांकिका आहे, आणि ती लिहिणारे आपल्याकडे कोणी नाही.

गावच्या जत्रेतल्या नाटकांची स्थिती याहून वेगळी नाही. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत, तसेच शेजारच्या चंदगड भागात, जत्रेला किंवा गणेशोत्सवाला गावातल्या तरुणांनी नाटक करण्याची रीत अजून टिकून आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. महिनाभर रात्री शेतीची कामे आटोपून तालमी होतात, पडदे आणि पोशाख भाड्याने येतात, वर टांगलेल्या माइकखाली उभे राहून मुले खणखणीत आवाजात संवाद फेकतात आणि जमिनीवर बसलेले शेकडो लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. मात्र त्यासाठी निवडलेले पुस्तक बहुधा फार जुने, कोण्या दूरच्या गावातल्या पाटलाचे आणि त्याच्या दोन मुलांच्या भांडणाचे असते. ते निवडताना पहिला प्रश्न विचारला जातो तो स्त्री-भूमिका किती, हा. कारण नटी बाहेरून आणाव्या लागतात, त्यांचे मानधन आणि प्रवासखर्च मंडळाला पेलावा लागतो, आणि म्हणून दोनपेक्षा अधिक स्त्रिया असलेले नाटक बाजूला पडते. ज्या गावात रोपलावणीपासून दुधाच्या सोसायटीपर्यंत निम्मी कामे बायका करतात, त्या गावाच्या रंगमंचावर त्यांना दोनच जागा मिळतात. या अडचणी ठाऊक असलेल्या माणसाने त्या ध्यानात घेऊन नाटक लिहिले, तर गावातल्याच मुली त्यात उभ्या राहू शकतील अशा भूमिका तो लिहील. बाहेरच्या लेखकाने ते का करावे? त्याच्यापुढे ना हा माइक आहे, ना हे प्रेक्षक.

नाटक बसवणारे, करणारे आणि पाहणारे आपल्याकडे आहेत. लिहिणारे मात्र नाहीत, किंवा असले तरी त्यांचे लिहिलेले कपाटाबाहेर येत नाही. ही उणीव या भूमीच्या इतिहासाला शोभणारी नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, आणि आपले शहापूर त्या काळी सांगली संस्थानातच होते. मराठी संगीत नाटकाला ज्यांनी रूप दिले ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्येच आपल्या जिल्ह्यातील मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूर येथे जन्मले आणि १८८५ मध्ये तिथेच वारले. ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याआधी नोकरीनिमित्त बेळगावात राहत असताना त्यांनी इथे नाटकाचा उद्योग चालवला होता, हे आपल्याच मुलांना सांगितले जात नाही. गोविंद बल्लाळ देवल यांची आणि किर्लोस्करांची गाठ पडली तीही बेळगावात, आणि देवल त्यांना गुरू मानत. एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला हाताशी धरून घडवण्याचे काम या शहरात दीडशे वर्षांपूर्वी झालेले आहे. कार्यशाळा हे नाव नवे असले तरी हे काम इथे परके नाही.

त्यानंतरही नाटकाची ओढ इथे कधी आटली नाही. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श मंडळी काढली ती हुबळीत. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. मामा वरेरकरांच्या नावाचा नाट्यसंघ टिळकवाडीत आहे आणि कोनवाळ गल्लीत लोकमान्य रंगमंदिर आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत ९५ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरले, तेव्हा नाटकासाठी हे शहर किती आतुर असते ते सर्वांनी पाहिले. प्रेक्षक नाहीत ही तक्रार इथे कोणी करू नये.

आता कार्यशाळेविषयी. ती दर रविवारी दुपारी नाट्यगृहाच्या रंगमंचावरच भरत असे. समोरच्या रिकाम्या खुर्च्या दिसत राहाव्यात, म्हणजे आपण कोणासाठी लिहितो याचा विसर पडणार नाही, असे मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. सहभागी झालेल्यांत उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा एक तरुण होता, वडगावच्या विणकर घरातली एक गृहिणी होती, निवृत्त बसवाहक होते, निपाणीहून येणारी महाविद्यालयीन मुलगी होती आणि आम्ही काही शिक्षक होतो. शिक्षकांनी सर्वांत चांगले लिहिले असे म्हणता येणार नाही. आम्हांला पात्रांकडून उपदेश करवून घेण्याची सवय जडलेली असते. बसवाहकांच्या संवादांना मात्र पहिल्या दिवसापासून धार होती, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो माणसांना थोडक्यात बोलताना ऐकले होते.

पहिला अभ्यास ऐकण्याचा होता. खडे बाजारात, बसस्थानकावर किंवा दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसायचे आणि दोन माणसांचे बोलणे जसेच्या तसे लिहून आणायचे. दुसऱ्या अभ्यासात एका माणसाला काहीतरी हवे आहे आणि दुसरा ते द्यायला तयार नाही, एवढ्या भांडवलावर दोन पाने लिहायची होती. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांची पात्रे पहिल्या पानावरच आपले मन उघडे करून मोकळी होत आणि दुसऱ्या पानाला काही उरत नसे. मग प्रत्येकाने आपल्या प्रवेशातील अशी वाक्ये शोधून काढायची होती, ज्यांत पात्र स्वतःच्या भावनेचे नाव घेते, आणि ती वाक्ये गाळून प्रवेश पुन्हा वाचायचा होता. वडगावच्या भगिनींच्या प्रवेशात यंत्रमाग विकायला निघालेल्या नवऱ्याला बायको म्हणते की मला फार वाईट वाटते. ते वाक्य काढल्यावर तिथे नुसते एवढे राहिले की ती मागावरची धूळ पुसते आणि विचारते, गिऱ्हाईक किती वाजता येणार आहे. वाचन चालू असताना रंगमंचावर कोणी हलले नाही. भरतमुनींनी सांगितलेल्या आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या कथानकाच्या पाच अवस्थांवरही एक बैठक झाली आणि ती उपयोगाची होती, पण नाटक म्हणजे काय ते मला त्या धूळ पुसण्यात समजले.

कार्यशाळेची खरी किंमत होती ती अभिवाचनात. प्रत्येकाचा प्रवेश संस्थेचे कलाकार हातात कागद घेऊन मोठ्याने वाचत, आणि वाचन चालू असताना लेखकाने एक अक्षरही बोलायचे नाही असा नियम होता. आपण लिहिलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडात अडखळते तेव्हा त्यातला दोष कोणी दाखवून द्यावा लागत नाही. डावीकडच्या विंगेतून गेलेल्या पात्राला साडी बदलून उजवीकडून यायला वेळ कुठे दिला आहे, हा प्रश्न नटीनेच विचारला पाहिजे. स्वयंपाकघर, अंगण आणि कचेरी अशी तीन स्थळे एका छोट्या एकांकिकेत घातली तर नेपथ्याचा खर्च कोण करणार, हे नेपथ्य करणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. कथा आणि कविता घरी बसून पुऱ्या होऊ शकतात, नाटक होत नाही. आपल्याकडच्या लेखकांची वाढ खुंटली ती प्रतिभेच्या अभावी खुंटली असे मी मानत नाही. त्यांना आपले कच्चे लेखन ऐकण्याची सोय कधी मिळालीच नाही.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. फाउंड्रीतल्या तरुणाच्या प्रवेशात आई घरात मराठी बोलते, दारात आलेल्या घरमालकाशी कन्नड बोलते आणि आत वळून मुलाला पुन्हा मराठीत रागावते. कन्नड वाक्यांचे मराठी करू का, असे त्याने विचारले. मार्गदर्शकांनी ते जसेच्या तसे ठेवायला सांगितले, कारण इथल्या प्रेक्षकाला ते समजते, आणि ती बाई घरमालकापुढे कशी आवाज उतरवते हेच त्या प्रवेशाचे बळ आहे. असा प्रवेश पुण्यात बसून लिहिता येणार नाही. आपल्या मराठीचेही तसेच आहे. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांत इथल्या बोलीचा गंध आहे आणि महाराष्ट्रभरच्या वाचकांनी त्या जिवापाड जपल्या, त्यांना कोश उघडून बसावे लागले नाही. असे असताना आपल्या रंगमंचावर ही बोली कोणाच्या तोंडी असते? गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा हसवायला आणलेल्या पाहुण्याच्या. नायक, नायिका, डॉक्टर, शिक्षक हे सारे सदाशिव पेठेसारखे बोलतात. ज्या भाषेत आपण रडतो, भांडतो, मयताच्या घरी धीर देतो, ती केवळ हशा मिळवण्यापुरती ठेवणे हा आपणच आपल्यावर केलेला अन्याय आहे, आणि तो इथल्या लेखकांशिवाय दुसरे कोणी दूर करू शकणार नाही.

सीमाप्रश्नावर नाटक का लिहीत नाही, असे नेहमी विचारले जाते. कार्यशाळेतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी तो प्रयत्न केला. त्यांचे वडील १९५६ नंतरच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. पहिल्या खर्ड्यात वडिलांच्या तोंडी लांब भाषण होते. त्यातला शब्दन् शब्द खरा होता, तरीही तो प्रवेश हलत नव्हता. मार्गदर्शकांनी त्यांना एवढेच विचारले की त्या दिवशी घरी कोण होते. पुढच्या रविवारी त्यांनी जे आणले त्यात वडील रंगमंचावर नव्हतेच. दिवेलागणीला आई तांदूळ निवडत बसली आहे, धाकटा मुलगा बाबा कुठे म्हणून विचारतो आहे, आणि शेजारची कन्नड बोलणारी बाई काही न बोलता दुधाचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून जाते. मी या प्रश्नाची धग घरातून अनुभवलेली आहे आणि आपल्या मागणीविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही मला वाटते की सभेतली भाषणे सभेत शोभतात, आणि त्या संध्याकाळचे ते घर नाटकाशिवाय दुसरीकडे कुठे जपले जाणार नाही. ती पिढी आता थकली आहे. तिच्याकडून हे ऐकून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.

शेजारच्या कन्नड रंगभूमीकडे पाहण्याचा संकोचही आपण सोडला पाहिजे. चंद्रशेखर कंबार हुक्केरी तालुक्यातील घोडगेरीचे. लहानपणापासून ऐकलेली तिथली बोली आणि लोकनाट्य त्यांनी आपल्या नाटकांत आणले आणि २०१० चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. बैलहोंगल भागातील एका घटनेवर रचलेला मानला जाणारा ‘संग्या बाळ्या’ हा कन्नड लोकनाट्याचा खेळ आजही गावोगावी ठाऊक आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात १९४९ मध्ये ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था उभी राहिली, आणि के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ध्यासामुळे तिथे नाटकाचे शिक्षण देणारी शाळा आणि राज्यभर फिरणारी नाटकमंडळी तयार झाली. एका खेड्याला जे जमले ते बेळगावसारख्या शहराला का जमू नये? मराठीतही पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९८५ नंतर नव्या नाटककारांसाठी अनेक वर्षे योजना चालवली, आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या गावांतील रंगकर्मींचाही विचार केला. वर्षानुवर्षे चिकाटीने चालवल्याशिवाय लेखक तयार होत नाहीत, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती नाट्यगृहे चालवणाऱ्या संस्थांना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, आणि तीही आठवड्यातल्या अशा वारी जेव्हा नाट्यगृह रिकामेच असते, नव्या संहितांच्या अभिवाचनासाठी विनामूल्य द्यावी. त्याला पडदा, प्रकाशयोजना, ध्वनी काही लागत नाही. दोन दिवे, सहा खुर्च्या आणि वाचायला तयार असलेले कलाकार पुरतात. कार्यशाळेतल्या आम्हा सर्वांचे लेखन अर्धवट अवस्थेत आहे. त्याला अशी जागा मिळाली तर वर्षभरात त्यातल्या दोन-तीन एकांकिका तरी उभ्या राहण्यासारख्या होतील, असे मी जबाबदारीने म्हणते. स्थानिक लेखकाच्या नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला भाड्यात सवलत मिळाली तर त्याहून चांगले.

एकांकिका स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी नव्या स्थानिक संहितेसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवावे आणि परीक्षकांनी ती संहिता प्रयोगाआधी वाचलेली असावी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी येथील ग्रामीण साहित्य संमेलनांनी कविसंमेलन आणि कथाकथन ही सत्रे जिवंत ठेवून फार मोठे काम केले आहे. त्यांत एक सत्र नाट्यवाचनाचे असावे, म्हणजे कधी शहरातल्या नाट्यगृहात पाऊल न टाकलेल्या मुलांनाही लेखक आणि नट एकत्र बसून काय करतात ते पाहता येईल. गावच्या नाट्यमंडळांनी जत्रेतले आपले ठरलेले नाटक जरूर करावे, पण त्याआधी अर्ध्या तासाची एक नवी एकांकिका गावातल्याच मुलामुलींकडून करून घ्यावी. त्यांना ती हवी असेल तर आम्ही मंडळाची माणसे किती, मुली किती, रंगमंच केवढा हे विचारून लिहून देऊ, आणि त्याबद्दल मानधन मागणार नाही.

सार्वजनिक वाचनालयासारखी १८४८ पासूनची संस्था या शहरात आहे. तिथे सीमाभागातील छापील आणि टंकलिखित नाट्यसंहितांसाठी एक कपाट राखून ठेवता आले, तर जुन्या मंडळांच्या घरांत धूळ खात पडलेल्या वह्याही कदाचित बाहेर येतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबांच्या किंवा वडिलांच्या हातची अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

राहिला आपल्या दैनिकाचा वाटा. नाटकाच्या जाहिराती आणि उद्घाटनांची वृत्ते आपण आवर्जून छापता. अभिवाचनाच्या संध्याकाळी सुरू झाल्या तर त्यांची चार ओळींची सूचना आठवडाभर आधी छापावी, आणि वर्षातून काही वेळा रविवारच्या पुरवणीत एखाद्या नव्या लेखकाचा एक प्रवेश छापावा. पुढची बैठक येत्या महिन्यात घ्यावी असे आम्ही सहभागी मंडळींनी आपापसांत ठरवले आहे. जागा निश्चित झाली की तसे आपणांस कळवू. नवे लिहिणारे, विशेषतः खानापूर आणि निपाणी भागातील मुली, त्या बैठकीला याव्यात. लिहून पूर्ण झालेले काही हातात नसले तरी चालेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका
खानापूर, जि. बेळगाव